रुबीनाचा कौल

रविवारी आमच्याकडे बांगडे सकाळीच येत, पण तवा चढे तो उन्हं दारातून आत आल्यावर. आई मासळी साफ करून, मीठ-हळद चोळून पातेल्यात झाकून ठेवी आणि मांजराच्या भीतीने झाकणावर वरवंटा ठेवी. देवीपुढून शेवटचं माणूस उठल्याशिवाय घरात मासळीचा वास सुटता कामा नये, हा बाबांचा नियम. तोवर आम्ही काळा चहा आणि आदल्या दिवशीच्या भाकरीचा तुकडा यावर. भांडुपच्या डोंगरउतारावरची आमची दीड खोली. बाहेरच्या खोलीत भिंतीला एक कोनाडा आणि कोनाड्यात देवी. देवी म्हणजे नारळाएवढा काळा पाषाण, आजोबांनी गावच्या देवळाच्या आवारातून तिलाच विचारून आणलेला. बाबा कांजूरमार्गच्या एका कारखान्यात वॉचमन होते. सहा दिवस खाकी आणि सातव्या दिवशी पंचा. पंचा नेसलेले बाबा मला नेहमी जरा उंच वाटायचे.

आमच्या गावची आणि आजूबाजूच्या वाड्यांतली माणसं मुलुंडपासून घाटकोपरपर्यंत विखुरलेली होती. काही ठरवायचं झालं आणि मन धजेना, की ती रविवारी डोंगर चढून आमच्याकडे येत. मुलीला हे स्थळ द्यावं की नको, म्हाताऱ्याला गावाहून आणावं की तिथेच ठेवावं, असले प्रश्न. बाबा त्यांच्या वतीने देवीला गाऱ्हाणं घालत आणि कौल लावत. ज्यांनी हे पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी सांगते. फुलाच्या दोन पाकळ्या भिजवून पाषाणाला चिकटवायच्या, एक उजव्या अंगाला, एक डाव्या. मग प्रश्न विचारायचा आणि बघत बसायचं. ओल सुकेल तशी एक पाकळी आधी गळते. उजवी गळली तर होकार, डावी गळली तर नकार. एवढंच. पण त्या पाच-दहा मिनिटांत खोलीत कोणी खोकतसुद्धा नसे. वाटेवरून पाणी नेणाऱ्या बायकांच्या कळशा एकमेकींवर आपटल्याचा आवाज तेवढा यायचा, आणि घरच्यांना धाकात ठेवणारी मोठमोठी माणसं तोंड किंचित उघडं टाकून एका पाकळीकडे बघत बसायची.

पाकळ्या मी तयार करायची. दाराबाहेर तेलाच्या डब्यात जास्वंद होती. तिचं फूल तोडायचं, दोन सारख्या पाकळ्या निवडायच्या, वाटीतल्या पाण्यात बुडवून ताटलीत ठेवायच्या. बाबा डोळे मिटूनच हात पुढे करत. आधी जवळची पाकळी उचलत आणि उजवीकडे लावत, मग लांबची, डावीकडे. त्यांच्या हाताला हे वळण पडलेलं होतं. ते त्यांना माहीत नव्हतं, मला होतं.

तेरा-चौदा वर्षांची असताना शाळेच्या तीन दिवसांच्या शिबिराला मला जायचं होतं आणि आई नको म्हणत होती. बाबा म्हणाले, देवीक विचारूया. मी घाबरून ताटली घेऊन बाहेर बसले आणि चाळा म्हणून एका पाकळीच्या पाठीवर नखाने ओरखडा काढला. जास्वंदीला चीक असतो, बुळबुळीत, बोटाला धरून ठेवणारा. माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. ओरखडा काढलेली पाकळी मी लांबच्या बाजूला ठेवली. ती डावीकडे लागली आणि लागून राहिली. उजवी टपकन गळली. मी शिबिराला गेले. तिथे काय केलं ते आता आठवत नाही, पण परत येताना देवीकडे बघायला लाज वाटली होती हे आठवतं. ती लाज आठवडाभर टिकली. मग पुढच्या वर्ष-दोन वर्षांत मी आणखी काही कौल फिरवले. एका ताईला न आवडणाऱ्या मुलाचं स्थळ मी मोडलं आहे. एका म्हातारबाबांना गावाहून मुंबईत आणवलं आहे, आणि ते इथे दोन महिन्यांत कंटाळून परत गेले. मी स्वतःला सांगे, देवीच माझ्याकडून करून घेते. त्या वयात असं म्हणणं अवघड जात नाही. आता मी एका सरकारी दवाखान्यात केसपेपरच्या खिडकीमागे बसते, आणि 'वरच्याचीच इच्छा' असं कोणी म्हटलं की मला आधी त्या माणसाच्या हाताकडे बघावंसं वाटतं.

रुबीना आमच्या खालच्या गल्लीत राहायची. तीही कोकणातलीच, रत्नागिरीकडची. तिचे अब्बा बोटीवर खानसामा होते, वर्षातून एकदा येत. घरात ती, तिचा लहान भाऊ आणि तिची आई जैनब, जिला मी खाला म्हणायची. रुबीना माझ्याच वर्गात, मराठी शाळेत. मास्तरांनी शुद्धलेखनासाठी तिचं उदाहरण दिलं की मागच्या बाकावरून कोणीतरी हमखास म्हणायचं, "मुसलमान असून!" आणि ती मान न वळवता म्हणायची, "आणि तू हिंदू असून नापास!" वर्ग हसायचा. ती स्वतः हसायची नाही, कारण हसलं की तिला खोकला लागायचा.

लहानपणी तिला सांध्यांचा ताप येऊन गेला होता. त्यानंतर तिला डोंगर चढवेना. शाळेतून येताना ती दर दहा पावलांवर थांबायची आणि थांबण्याची कारणं शोधायची. ही चप्पल बघ, ती कोंबडी बघ, अगं तो ढग बघ. मीही थांबायची आणि ढग बघायची. तिच्या ओठांना एक निळसर झाक होती. मला वाटायचं ती तशीच आहे, जशी काहींच्या डोळ्यांना घारी झाक असते.

आम्ही एकमेकींचे देव उसने घेतले होते, असं म्हटलं तर चालेल. ती रविवारी आमच्या उंबऱ्याच्या आत, दाराला टेकून, ओढणी डोक्यावर घेऊन कौल बघायला बसायची. शेजारच्या सुलूकाकीला ते खुपायचं. एकदा ती बाबांना मोठ्याने म्हणाली, "भावोजी, मुसलमानाच्या चेडवाक देवीकडे बसवतास? उद्या देवी टोपी घालतली!" बाबा फुलं निवडत होते. मान वर न करता म्हणाले, "घालूंदे गो. कोनाड्यात दुपारचा ऊन येता तिच्या डोक्यावर." खोलीतली माणसं हसली. रुबीनाही हसली आणि खोकत बाहेर गेली.

मला म्हणायची, "तुमचं बरं आहे शुभे. तुमची देवी उत्तर तरी देते. आमच्यात नुसतं मागायचं आणि गप्प बसायचं."

"मग तुला कसं कळतं त्याने ऐकलं?"

"कळत नाही. म्हणून तर पाच वेळा मागायचं."

एका रमजानात खालाने तिला रोजा धरू दिला नाही. तब्येतीमुळे. रुबीना दिवसभर रडली, भिंतीकडे तोंड करून. मी तिच्या पाठीमागे बसून कंटाळले आणि म्हणाले, "बरं, मी धरते तुझ्याऐवजी."

तिने तोंड वळवलं. "असं चालतं?"

"विचार तुझ्या अल्लाला."

"तो सांगत नाही ना, येडी!"

पण मी धरला. एकच. शाळेतल्या नळासमोरून जाताना मी नळाकडे पाठ करून चालले. थुंकी गिळायची की नाही हे विचारायचं राहिलं होतं, म्हणून दिवसभर थुंकत होते. डबा रुबीनाला खाऊ घातला, कारण कोणीतरी खायला हवा होता. संध्याकाळी त्यांच्या घरी मला घेरी आली आणि खालाला सगळं कळलं. तिने कपाळाला हात लावला, मग स्वतःचा रोजा सोडायच्या आधी पहिला खजूर माझ्या तोंडात घातला. त्या दिवशी सांदण होतं, नारळाच्या रसातलं, आमच्याकडे होतं तसंच. फक्त त्यांचं जरा गोड. घरी आईने ऐकलं तेव्हा ती म्हणाली, "एकादस धर म्हटली तर हिच्या पोटात दुखता, आणि रोजो धरता!" पण तिने मला मारलं नाही. मला आठवतं, त्या संध्याकाळपासून रुबीनाचा अल्ला माझ्या ओळखीचा झाला. शेजारच्या घरातला मोठा माणूस असतो ना, ज्याच्याशी आपण कधी बोलत नाही पण जो आपल्याला नावाने ओळखतो, तसा.

त्याच उमाळ्यात मी तिला माझं गुपित दाखवलं. घरामागे भिंतीवर दोन पाकळ्या लावल्या, एकीवर ओरखडा, एक साधी. ती डोळे विस्फारून बघत राहिली. साधी गळल्यावर म्हणाली, "तुझ्या बाबांना माहितेय?" मी म्हटलं, नाही. तिने भिंतीवरची दुसरी पाकळी बोटाने ढकलून बघितली. मग म्हणाली, "नको सांगूस. मरतील ते." आणि मग आम्ही दोघी हसत सुटलो, तिला खोकला लागेपर्यंत. जगातली सगळ्यात मोठी गंमत फक्त आम्हा दोघींना ठाऊक होती.

दहावीच्या सुरुवातीला रुबीना शाळेच्या जिन्यात कोसळली. मोठ्या हॉस्पिटलात नेलं, तपासण्या झाल्या. हृदयातली एक झडप अरुंद झाली होती. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन करावं लागेल, लवकर करा. खालाला झडप म्हणजे काय ते कळलं नाही, पण छाती उघडणार हे कळलं. अब्बा बोटीवर, त्यांचं पत्र यायला महिना. गावाहून दीर आले आणि म्हणाले, पोरीच्या छातीवर एवढी शिवण घेऊन पुढे काय करशील, त्यापेक्षा गावाला आण, हवापालट कर, दुवा कर. शेजारची एक बाई म्हणाली, तिच्या भाच्याला ऑपरेशनला नेलं तो परत आलाच नाही. खाला ते ऐकून घरी यायची आणि भांडी घासायची, घासलेलीच परत घासायची. डॉक्टरांनी तारीख दिली होती. ती दोनदा चुकवून झाली. तिसऱ्यांदा चुकली तर नाव मागे जाणार होतं.

शेवटी एका शनिवारी ती बाबांकडे आली. दारातच उभी राहून म्हणाली, "दादा, तुमच्या आईला माझ्यासाठी विचाराल? ती सांगेल तसं करीन. मला आता ठरवता येत नाही."

बाबा म्हणाले, "भाभी, उद्या सकाळी घेवन या तिका."

रुबीना मला त्याच दुपारी सार्वजनिक नळावर भेटली. मी रांगेत होते. ती कठड्यावर बसली, दम घेतला आणि म्हणाली, "उजवा पाड."

"काय?"

"उद्या. मला ऑपरेशन पाहिजे शुभे. मला जिना चढायचाय. झोपायचंय गं आडवं होऊन, रोज बसून झोपते मी." मग माझा चेहरा बघून मला हसवायला म्हणाली, "घाबरतेस काय? तुझी देवी काय, तुझ्या नखावर तर चालते!"

ती हसली. पुढच्या दोन बायकांनी मागे वळून बघितलं. त्यांतली एक सुलूकाकी होती.

हेच वाक्य मी तिच्याशी बोलताना वीसदा म्हटलं असेल. याहून वाईट म्हटलं असेल. पण तिच्या तोंडून, नळावर, लोकांसमोर ते ऐकलं आणि माझ्या अंगात काहीतरी कडक झालं. माझी देवी. माझ्या बाबांची देवी. ही कोण हसणारी? त्या क्षणापर्यंत मी स्वतःला हिंदू म्हणून कधी पाहिलं नव्हतं, शाळेच्या दाखल्यावर होतं तेवढंच. मी म्हटलं, "हळू बोल." तिने जीभ चावली. "सॉरी, सॉरी. पण पाडशील ना?" मी कळशी उचलली आणि म्हटलं, "हो."

दुसऱ्या दिवशी सकाळी खाला पांढरी ओढणी घेऊन आली. रुबीनाला तिने बाबांच्या समोर बसवलं, उंबऱ्याजवळ नाही, आत, कोनाड्यासमोर. आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, हात पदराला पुसत. दोन-तीन इतर माणसंही होती, त्यांचे प्रश्न आधी झाले होते, पण हा कौल बघायला ती थांबली. सुलूकाकी दारात उभी. मी बाहेर जास्वंदीपाशी ताटली घेऊन बसले. खाली शाळेच्या मैदानावर कोणीतरी क्रिकेट खेळत होतं, चेंडू पत्र्यावर आपटल्याचा आवाज येत होता. मी किती वेळ बसले असेन? बाबांनी हाक मारली तेव्हा उठले.

त्या वेळी काय केलं, याचं उत्तर मी पुढे अनेक वर्षं स्वतःला एकच देत आले. मी दोन्ही पाकळ्या सारख्या भिजवल्या. कुठे नख लावलं नाही. मला भीती वाटत होती. होकार मी पाडला आणि रुबीना टेबलावरच गेली तर? तर तिला मी मारलं असं होईल. म्हणून त्या एका दिवशी मी बाजूला झाले आणि देवीला मोकळं सोडलं. असं मी स्वतःला सांगितलं.

बाबांनी डोळे मिटले, पाकळ्या लावल्या आणि हात जोडून गाऱ्हाणं सुरू केलं.

"बा देवी आई, ह्या लेकराक छातीचो आजार असा."

"होय म्हाराजा," माणसं म्हणाली.

"डॉक्टर कापूक सांगतत. आवशीचो जीव घाबारलो असा. कापूचा तर उजवो कौल दी, नको तर डावो दी. लेकरू खयच्या घरातला, खयच्या धर्माचा, ता बघू नको. तुझ्या पायाकडे इला, तुझाच म्हण."

"होय म्हाराजा."

खालाही म्हणाली, होय म्हाराजा. एक क्षण उशिरा, पण म्हणाली.

रुबीना पाकळ्यांकडे बघत नव्हती. तिला बघायची गरज नव्हती, तिच्या चेहऱ्यावर खेळ माहीत असलेल्या माणसाची शांती होती. ती चक्क आमच्या भिंतीवरचं कॅलेंडर वाचत होती. डावी पाकळी आधी एका कडेने सुटली, वळली, आणि बाबांच्या गुडघ्यासमोर पडली.

कोणीतरी "आई गे" म्हणालं. खालाने डोळे मिटले आणि तिच्या खांद्यांवरून काहीतरी उतरलं, ते मला दिसलं. महिनाभरात पहिल्यांदा ती बाई सैल बसली. "बरं," ती म्हणाली. "बरं झालं. आईने सांगितलं." बाबांनी पडलेली पाकळी उचलून तिच्या ओंजळीत दिली.

रुबीना पाकळीकडे बघत होती, मग माझ्याकडे. देवीकडे नाही. मी ताटली पुसत राहिले.

जाताना पायऱ्यांवर ती मागे राहिली. खाला पुढे गेली होती. मी दारात होते.

"तू पाडलीस?"

"नाही. मी काहीच केलं नाही. देवीने सांगितलं."

ती एक पायरी उतरली, दम घेतला.

"आजच?" ती म्हणाली.

भांडली असती तर मी भांडले असते. रडली असती तर कदाचित मी धावत जाऊन खालाला सांगितलं असतं. पण ती भिंत धरून एकेक पायरी उतरत गेली आणि मागे आईने तवा चढवला. मला भूक लागली होती. मी दोन बांगडे खाल्ले. हे लिहायचं नव्हतं मला, पण खाल्ले.

तिला गावाला नेलं. तिथून तिचं एक पत्र आलं, शुद्ध, काना-मात्रेची चूक नसलेलं. इथे घर सपाटीवर आहे, जिना नाही, म्हणून बरी आहे, असं लिहिलं होतं. पेपर चांगले सोडव, असंही. देवीचा उल्लेख नव्हता. मी उत्तर लिहायला बसले की पहिल्या ओळीलाच अडायची. चार-पाच वेळा लिहून फाडलं. दहावीचा निकाल लागल्यावर लिहू म्हटलं, निकाल लागला, मग कॉलेज सुरू झाल्यावर लिहू म्हटलं. ती सोळा पूर्ण व्हायच्या आत गेली. सकाळी चहा घेताना, बसल्या बसल्या आईच्या मांडीवर कलंडली.

खाला परत भांडुपला आली तेव्हा सगळ्यात आधी आमच्याकडे आली. मला वाटलं आता बाबांना शिव्या देईल. मला ते हवंही होतं. पण ती बाबांच्या पायांना हात लावायला खाली वाकली आणि म्हणाली, "दादा, तुमच्या आईने खरं सांगितलं होतं. कापलं असतं तर त्या टेबलावरच गेली असती. माझ्याजवळ एक वर्ष जास्ती राहिली. माझ्या मांडीवर गेली." बाबा रडले. माझ्या आठवणीत ते दोनदाच रडले, त्यातलं हे एक.

आणि ही गोष्ट पसरली. भांडुपच्या डोंगरावरच्या देवीने मुसलमानाच्या पोरीचं मरण आधी ओळखलं, म्हणून. विक्रोळीहून, ठाण्याहून माणसं यायला लागली. सुलूकाकी आता येणाऱ्यांना स्वतः सांगायची, दारात उभी राहून, मी डोळ्यांनी बघितलं म्हणून. मी पाकळ्या भिजवायचं सोडलं. रविवारी अभ्यास आहे, क्लास आहे, पाळी आहे, काहीही सांगितलं. बाबा कुरकुर न करता स्वतः पाकळ्या भिजवू लागले, आणि मरेपर्यंत त्यांनी लोकांना कौल दिले, प्रामाणिकपणे, डोळे मिटून. त्या सगळ्यांचा पाया माझं एका रविवारचं काम होतं, हे त्यांना मी सांगितलं नाही. सांगणार होते. त्यांच्या शेवटच्या आजारपणात पेज भरवताना रोज ठरवायचे.

नोकरीला लागल्यावर एकदा, जेवणाच्या सुट्टीत, आमच्या हृदयरोगाच्या डॉक्टरांना मी सहज विचारल्यासारखं विचारलं, पूर्वी त्या झडपेचं ऑपरेशन फार धोक्याचं असायचं ना? ते चपाती मोडत म्हणाले, "छे हो. तेव्हाही रोजचं काम होतं ते. पोरं आठवड्यात चालत घरी जायची." आणि भाजी मागितली.

आता मी दिंडोशीला राहते. मागच्या वर्षी कळलं की खाला जोगेश्वरीला धाकट्या मुलाकडे आहे आणि अंथरुणाला खिळली आहे. ऐंशीच्या पुढची. मी गेले. तिने मला आवाजावरून ओळखलं. सून चहा टाकायला आत गेली. खाला उशीला टेकून जपमाळ ओढत होती. थोडं इकडचं तिकडचं झालं आणि मग ती नेहमीचं बोलली, "तुझ्या बाबांच्या आईने एक वर्ष जास्ती दिलं गो मला." तीस-पस्तीस वर्षं ती ते वाक्य घेऊन जगत होती. ते काढून घ्यायचा मला काय हक्क, असं म्हणतच मी इतकी वर्षं गप्प बसले होते. हा विचार खरा आहे, पण सोयीचाही आहे, हे मला माहीत होतं.

म्हणून मी सांगितलं. पाकळ्या मी भिजवायची. नखाने ओरखडा काढला की चिकटते. मी शिबिराला गेले ते तसं, ताईचं स्थळ मोडलं ते तसं. रुबीनाला हे ठाऊक होतं. तिने मला होकार पाडायला सांगितलं होतं.

माळ थांबली. आत कपबशा वाजत होत्या. मला वाटलं तिला समजलं नाही. मग तिने अगदी स्पष्ट विचारलं, "आणि आमच्या रुबीच्या वेळी? तेव्हा काय केलंस?"

मी तिच्याकडे बघितलं. गळ्याच्या शिरा, डोळ्यांवर आलेला पांढुरका पडदा.

"दोन्ही सारख्या भिजवल्या, खाला. त्या दिवशी नख लावलं नाही."

"अल्लाची शपथ?"

"अल्लाची शपथ."

तिने श्वास सोडला. माझा हात चाचपून शोधला, आपल्या डोळ्यांना लावला. "मग बाकीचे खोटे असतील," ती म्हणाली. "हा एकच खरा होता. रडू नको." आणि सुनेला हाक मारून म्हणाली, हिला बिस्किटं दे. दोन महिन्यांनी ती गेली.

मी तिला खोटं सांगितलं. तिला आणि त्याआधी स्वतःलाही. आता विचारणारं कोणी उरलं नाही, म्हणून लिहिते. त्या रविवारी जास्वंदीपाशी बसले होते तेव्हा माझ्या मनात ऑपरेशन होतं, भीती होती, हे सगळं खरं. पण सगळ्यात वर नळावरचं ते हसणं होतं. आमची देवी कोणाच्या नखावर चालत नाही, हे मला तिला दाखवायचं होतं. फक्त एकदा, सगळ्यांसमोर. नंतर समजावू, पुढच्या रविवारी परत लावू, असंही वाटलं असेल. जवळच्या बाजूला ठेवलेल्या, उजव्या अंगाला लागणाऱ्या पाकळीच्या पाठीवर मी नखाने ओरखडा काढला. मग खात्री वाटेना म्हणून दुसरा काढला. ती पाकळी दिवसभर दगडाला चिकटून होती. संध्याकाळी दिवा लावताना बाबांनी ती बोटाने हळूच सोडवली आणि मला दाखवून म्हणाले, "बघ गो, आईन कशी घट्ट धरून ठेवल्यान."